पत्ती

पाणी समजून मी उचलला तो पेला.
तळाशी तिची पत्ती भिजत होती, क्लॅरिनेटची,
बोटभर लांब, वेताची,
ओठाकडच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ.
"ठेवा खाली," कस्तुरा म्हणाली,
पाळण्यातलं पोर कुणी उगाच उचलावं
आणि आईने बोलावं, तशी.

तिचे वडील पारोळ्याचे बँडमास्तर.
चाळीस वर्षं लोकांच्या पोरी वाजवत वाजवत सासरी पोचवल्या.
हिच्या लग्नात बँड धरणगावचा सांगितला होता,
ते नुसते पंगतीत वाढत फिरले,
बोटं मात्र वरणाच्या बादलीच्या कडीवर
सारखी हलत होती.
ते गेल्यावर भावांनी ढोल विकला, झांजा विकल्या,
सोनेरी झालरीचे अकरा कोट विकले.
हिने मागितलं ते एक काळं लाकडी नळकांडं.
एसटीत मांडीवर घेऊन आली भुसावळला.

मी मालगाडीचा गार्ड.
माझी रात्र सकाळी नवाला सुरू होते
आणि कॉलबॉय वही घेऊन दारात आला की संपते.
तिचा रियाज अकराला.
पहिले तीन महिने, खरं सांगतो,
बदकाच्या मानेवर पाय पडावा तसलं काहीतरी.
मी कानात कापूस कोंबला, तिच्याच मामाच्या शेतातला.
शेजारचे फिटर तायडे भिंत ठोकायचे.
मग तिने खिडकीला गोधडी लावली,
मे महिन्यात, भुसावळच्या मे महिन्यात,
स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.
बाहेर आली की तोंड लाल,
खालच्या ओठाला आतून दातांची रांग उमटलेली.
माझी एक रजा होती, रात्रीची.
"ओठ सोललाय," म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

त्या रात्री मी तिच्या वडिलांबद्दल
जे बोललो, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघताना
मी पेल्यातून पत्ती काढली,
लाल-हिरव्या झेंड्यांच्या मधे, पेटीत ठेवली.
खंडव्याला नेली. बडनेऱ्याला नेली.
घरी कुणी काही विचारलं नाही.
शेवभाजी झाली, कळण्याची भाकरी झाली,
अकरा वाजले, सव्वाअकरा, बारा,
यार्डातलं शंटिंग ऐकू आलं, तायड्यांचा कुकर ऐकू आला,
भिंत कुणी ठोकली नाही
आणि मला झोप लागली नाही.
आठ दिवस.

वरणगावच्या अलीकडे सिग्नल मिळेना.
पहाटेचे तीन, अठ्ठावन्न डबे कोळसा, पुढे इंजिनाचा ठिपका,
दोन्ही बाजूंना केळीचे बाग, पानंसुद्धा हलत नव्हती.
मी पत्ती काढली आणि तोंडात धरली.
वेताची चव. त्यामागे थोडी लवंग,
ओठ दुखतो म्हणून ती लवंग चघळते.
वर्षभरात तिच्या तोंडाच्या इतकं जवळ
मी पहिल्यांदाच आलो होतो.
फुंकून पाहिलं. नुसती हवा.
मग गाडीला धक्का बसला.

घरी आलो, पेला भरला, पत्ती टाकली,
हात धुतो म्हणून मोरीत जाऊन उभा राहिलो.
तिने पेला उजेडात धरला बराच वेळ.
"दात लागले हिला," म्हणाली. "चिरली."
आणि खिडकीतून फेकून दिली
तायड्यांच्या कढीपत्त्यात.

मग फडताळातून चुन्याची एक जुनी डबी काढली.
आत मऊ फडक्यात, ओळीने, नऊ.
"तुम्हले काय वाटनं,
मन्हाजोडे एकच व्हती?"

मी काही बोललो नाही. पांघरूण घेतलं.
तिने खिडकीची गोधडी काढून
माझ्या पायांवर टाकली, जरा जोरातच.
अकरा वाजले.
उशी मी डोक्यावर ओढून घेतली.
एक कान बाहेर राहिला.